प्लास्टिक कापलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची कात्री, हे आधीच सांगते. कारण हल्ली या घरात माझ्याकडून दुधाच्या पिशव्या कापून घेतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझा जन्म मेरठचा. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं लोखंड ठोकून माझी पाती घडवली, मुठी पितळेच्या केल्या. भोपाळच्या बाजारातून मला रत्नप्रभाबाईंनी आणलं. त्यांचे यजमान नीळकंठराव इथल्या मोठ्या कारखान्यात तंत्रज्ञ. लग्न झाल्यावर दोघं पुण्याहून भोपाळच्या बरखेडा वस्तीत, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. बाई ब्लाउज शिवायच्या. मराठी मंडळातल्या बायकांपासून शेजारच्या मिश्रा आंटींपर्यंत सगळ्या म्हणायच्या, "फिटिंग चाहिए तो रत्ना भाभी के पास जाओ." त्या कौतुकात निम्मा वाटा माझा होता, पण कात्रीचं नाव कोण घेतो?

घरात मात्र मला मान होता. मुलगा आशय लहान असताना त्याने माझ्याने पतंगाचा कागद कापला, तर बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. कागदाने धार जाते. आणि मी रिकामी वाजलेली तर त्यांना मुळीच खपायचं नाही. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, असं त्यांच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या. या घराला भांडणाची फार भीती. सगळं कसं गोड हवं.

नीळकंठरावांना आणखी एक भीती होती, पुण्याची. भोपाळला सरकारी नोकरी आणि क्वार्टर म्हणजे नुसती चैन, अशी तिथल्या नातेवाइकांची समजूत. ती खोटी ठरू नये म्हणून ते दर दिवाळीला भरल्या हातांनी जात. खरेदी सगळी क्रेडिट कार्डावर. एका कार्डाचं देणं भागवायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं भागवायला तिसरं. शेवटी वसुलीची माणसं दारात येऊन बसली. पुष्कळ विनवण्या झाल्यावर बँकेने निम्म्यावर तडजोड केली. ती निम्मी रक्कम बाईंच्या पाटल्या विकून भरली.

त्या संध्याकाळी बाईंनी सगळी कार्डं पुढ्यात मांडली आणि मला हातात घेतलं. ज्या बाईने कागदापायी पोराला मारलं, तिने माझ्याकडून प्लास्टिक कापून घेतलं. माझ्या पात्याला खाच पडली. मी ते आनंदाने सोसलं, खोटं कशाला बोलू?

"आता पुन्हा हप्ता नाही," नीळकंठराव म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

एवढंच. हे का झालं, कुणाला दाखवायला झालं, याबद्दल एक अक्षर नाही. पुढे धार लावणारा आला तेव्हा त्याने विचारलं, "बहनजी, इसको क्या खिला दिया आपने?" बाई नुसत्या हसल्या. खाच काही पूर्ण गेली नाही. रेशमावर मी त्या जागी अडायचे ते अडायचेच.

काही काळ बरा गेला. फ्रिज बिघडला तर माठ आणला. आशय कॉलेज सांभाळून शिकवण्या घेऊ लागला. "आई, टेन्शन मत ले, माझी फी मी भरतो," म्हणायचा. घरात हप्ता हा शब्द कुणी काढत नसे. मला वाटलं, सुटलो.

मग पुण्याहून नीळकंठरावांच्या बहिणीचा, वासंतीबाईंचा फोन आला. त्यांच्या जुईचं लग्न ठरलं होतं.

"अहो, जुईचा ब्लाउज मी शिवते, छान जरीकाम करून," बाई म्हणाल्या. "मामाकडून तेवढं पुरे."

"मामा नवरीला मांडवात घेऊन येणार, आणि आहेर काय, तर ब्लाउज?"

"मग वन्संना खरं काय ते सांगू या."

"पुण्यात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी बघतो काय ते."

बाई उठून आत गेल्या. भांडण नको होतं.

तडजोड केलेल्या माणसाच्या नावावर तशी नोंद राहते, त्याला दुसरी बँक दारात उभी करत नाही. पण नीळकंठरावांच्या फोनमध्ये झटपट कर्ज देणारं एक ॲप होतं. त्या सावकाराने जामीन मागितला नाही, कागद मागितले नाहीत. फोनमधले सगळे नंबर पाहायची परवानगी तेवढी मागितली. ती यांनी दिली. लग्नात जुईच्या कानांत मामाचे सोन्याचे झुमके हलले. बाईंना सांगितलं होतं, कारखान्याच्या पतसोसायटीतली बचत मोडली. पुण्यात वाहवा झाली. मामा असावा तर असा, असं लोक म्हणाले.

हप्ता चुकला तशी त्या सावकाराच्या माणसांनी नंबर फिरवायला सुरुवात केली. पहिलाच फोन वासंतीबाईंना. "नीलकंठजी आपके भाई हैं ना? पैसा खाकर बैठे हैं, समझाइए उनको."

ज्या पुण्यापासून लपवायला कर्ज काढलं, त्या पुण्याला ते सगळ्यात आधी कळलं. वासंतीबाईंनी इकडे फोन लावला तेव्हा मी टेबलावरच होते. "वहिनी, या झुमक्यांचे पैसे आता आम्ही भरायचे का? जुईच्या सासरी असा फोन गेला तर मी काय सांगू?"

बाईंनी फोन ठेवला. नवऱ्याचा मोबाइल समोर ओढला आणि मला उचललं. पण या वेळी कापायला कार्ड नव्हतं, काहीच नव्हतं. त्यांनी मला रिकामीच चालवलं. पुन्हा पुन्हा, जोरात.

"अगं, कात्री वाजवू नकोस," नीळकंठराव म्हणाले. "घरात भांडण होतं."

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "पाटल्या गेल्या तेव्हाच व्हायला हवं होतं."

आणि झालं. फार मोठं झालं. ॲप मोबाइलमधून गेलं, पण देणं राहिलं. ते फेडताना शेवटी शिलाई मशीनही इथल्याच अयोध्या नगर वस्तीतल्या एका बाईंना विकलं. ते रिक्षात चढवलं तेव्हा रत्नप्रभाबाई बाहेर आल्या नाहीत. मशीन नसलेल्या घरात कापडाची कात्री काय कामाची? मी स्वयंपाकघरात आले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला कापडासाठीच राहू द्या. तिला कार्डं कापायला लावू नका, त्याने मोठेपणाची हाव कापली जात नाही, नुसती धार जाते. आणि घरात भांडण व्हायची वेळ आली असेल तर ते होऊ द्या. वेळेवर झालं असतं, तर आज आमच्या घरी मशीन असतं.