फळ्यावर लिहिलेलं कौतुक

मित्रांनो, जुईनगरच्या एका सोसायटीत, जिन्याखालच्या खोलीत टांगलेला मी एक जुना फळा आहे. उरणच्या एका सुताराने मला घडवलं. बरीच वर्षं इथल्याच एका शिकवणीत मी गणितं अंगावर मिरवली. मग तिथे पांढरा, चकचकीत फळा आला आणि मी पार्किंगमध्ये सायकलींच्या मागे जाऊन पडलो.

मला बाहेर काढलं इथेच राहणाऱ्या सुमेधाताईंनी. सोसायटीतल्या आज्यांना त्या दुपारी इंग्रजी बोलायला शिकवू लागल्या.

एके दिवशी धडा होता, वयापेक्षा तरुण दिसणाऱ्यांचं कौतुक कसं करायचं. ताईंनी मराठी अक्षरांत लिहिलं, 'यू डोन्ट लुक युअर एज', म्हणजे तुमचं वय दिसत नाही. 'यंग ॲट हार्ट', मनाने तरुण. खाली लिहिलं, 'वेल प्रिझर्व्हड'. तेवढ्यात फोन वाजला आणि अर्थ न सांगताच त्या बाहेर गेल्या.

साताऱ्याकडच्या शकुबाईंना कुठला धीर! शेजारी त्यांची मैत्रीण मालतीबाई, सत्तरीतही टवटवीत. त्यांच्याकडे वळून शकुबाई ठसक्यात म्हणाल्या, "मालतीबाई, यू आर वेल प्रिझर्व्हड!"

मालतीबाईंचा चेहरा पडला. "प्रिझर्व्हड? म्हणजे बरणीतलं? शकुबाई, तुम्ही मला लोणचं म्हणालात?" पर्स उचलून त्या तडक निघून गेल्या.

"चूक माझी, मावशी," ताई परत आल्यावर हळहळल्या. "वयाच्या मानाने छान टिकलेल्या, असं ते कौतुकच आहे, पण त्यात बारीकसा चिमटा आहे. तोंडावर म्हणू नये."

दुसऱ्या दिवशी मालतीबाई आल्याच नाहीत. वर्ग सुटला तरी शकुबाई माझ्यासमोरून हलेनात. अक्षरांवर बोट ठेवून पुटपुटत राहिल्या, "यू डोन्ट लुक... यू डोन्ट..." जीभ सारखी अडखळत होती. मला वाटलं, ही अक्षरं उतरवून यांच्या तोंडी ठेवावीत.

विसरलेला चष्मा न्यायला मालतीबाई दाराशी आल्या होत्या, ते शकुबाईंना दिसलंच नव्हतं. वळून पाहिलं आणि शकुबाई गडबडल्या.

"मालतीबाई, यू डोन्ट... एज... आवं, तुमी म्हाताऱ्या दिसतच न्हाई, बास!"

मालतीबाईंनी आत येऊन चष्मा उचलला. मग खुदकन हसल्या. "हे इंग्रजी मात्र मला कळलं हं!" दोघी इतक्या हसल्या की माझ्या कडेवरचा खडू खाली पडला.

मित्रांनो, कोणी रुसलं असेल तर शब्द नीट जमेपर्यंत थांबू नका. आणि तुमच्या वर्गातल्या फळ्याला ओल्या फडक्याने खसाखसा घासू नका. कोरड्या, मऊ कापडाने हळूच पुसा. आमच्यावर अजून पुष्कळ लिहायचं राहिलंय.