थाळीभर वाळूस हरकत नाही

निवृत्त झालेल्या माणसानं काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. पळसघाटच्या लक्ष्मणरावांनी तो अख्ख्या गावाचा करून टाकला. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. आता त्यांनी भजनाला जावं, नातवंडं खेळवावीत, गेला बाजार बीपीच्या गोळ्यांवर पारावर व्याख्यान द्यावं. पण त्यांनी मोबाइलवर परदेशातले म्हातारे पाहिले. ते म्हातारे पँट गुडघ्यावर चढवून नदीत उभे राहतात, खाचा पाडलेल्या थाळीत वाळू घेऊन ती पाण्यात गरगर फिरवतात, आणि शेवटी तळाशी सोन्याचा एवढासा कण उरतो. लक्ष्मणरावांनी ताबडतोब तसली हिरवी थाळी ऑनलाइन मागवली. मनकर्णाबाईंनी नवऱ्याची ही खरेदी उलटसुलट करून पाहिली आणि तिच्यात तांदूळ धुतले. तांदूळ चांगले निघाले.

गावाशेजारून बोर नदी वाहते. कोणीही उठून थाळी बुडवली असती. पण लक्ष्मणराव कायद्याचा माणूस. ते थाळी काखेत मारून थेट ग्रामपंचायतीत आले, आणि सरपंचाच्या खुर्चीत बसलेल्या आपल्या पुतण्याला म्हणाले, "मुकेश, मले फक्त कायदेशीर जागा दाखव. एक कण भेटला का थाळी भिंतीले टांगतो."

मुकेशला हसू आवरेना. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर रोज पहाटे त्याच नदीतून वाळू भरून आणत असे, आणि ती कोणत्या कलमात बसते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारलं की कळतं, आणि कळलं की भानगड. इथं ट्रॉल्या जात होत्या आणि काकाजी थाळीभर वाळूची परवानगी मागत होते. पण काकाजी म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ, वर पंचायत समितीची निवडणूक तोंडावर. म्हाताऱ्याला नाही कसं म्हणायचं? गावात ग्रामपंचायतीच्या ताब्यातली, नदीला लागून असलेली एकच जागा होती, ती म्हणजे स्मशानघाट. मुकेशनं तिथल्या तिथं ठराव लिहवून घेतला. ‘श्री. लक्ष्मणराव यांना छंद म्हणून घाटालगतची थाळीभर वाळू धुऊन जागेवरच परत टाकण्यास हरकत नाही.’ सदस्यांनी खदाखदा हसत सह्या केल्या. लक्ष्मणरावांनी ठरावाची नक्कल मागितली, तिच्यावर शिक्का मागितला, आणि येत्या रविवारी जे काही निघेल ते पंचांसमक्ष काढण्यात येईल असं जाहीर करून ते घरी गेले.

ग्रामपंचायतीचा शिपाई हरिदास चहाचे कप गोळा करत होता. तो सहज बोलून गेला, "काकाजीले भेटन बरं सोनं. तिथं सगळ्यायच्या बापाचंच पडलं हाये ना."

मुकेशनं भरलेला कप तसाच परत त्याच्या हातात दिला.

कारण हरिदास म्हणत होता ते खरं होतं. गावात कुणबी असो की तेली, माणूस गेला की त्याच्या तोंडात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा मणी ठेवतात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात आणि ती घाटावरून नदीत सोडतात. म्हणजे बोर नदीत कुठं सोनं असलंच, तर ते या घाटाखाली असणार. मुकेशचे वडील नानाजी गेल्या वर्षी गेले. त्या दिवशी आई अन्नपूर्णाबाईंनी आपल्या मंगळसूत्रातला मधला मणी सोडवून मुकेशच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, बाबाच्या तोंडात ठेवजो. मणी चांगला घसघशीत होता. तो तळहातावर घेऊन मुकेश आतल्या खोलीत गेला, आणि त्याच्या मनात शुद्ध शेतकरी हिशोब आला. एवढं सोनं जाळायचं? बाबा तर गेले. अंत्यविधीच्या सामानात दुकानदारानं एक पिवळा मणी दिलाच होता, चिंचोक्याच्या भावाचा. तोच बाबांच्या तोंडात गेला. आईचा मणी कापसात गुंडाळून कपाटात राहिला. घरचं सोनं घरात, यात चोरी कसली, अशी त्यानं मनाची समजूत काढली. ती समजूत टिकलीही असती, पण तेरवीच्या पंगतीत कोणीतरी विचारलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मुकेश सांगून बसला की बाबाच्या तोंडात चांगला भरीव मणी ठेवला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. असा पोरगा पाहिजे, असं म्हणाले. त्याच पुण्याईवर पुढं सरपंचकी आली.

आता काकाजी त्याच बापाची राख धुवायला निघाले होते, आणि परवानगी दिली होती मुकेशनं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवसापासून पळसघाटच्या सरपंचाला वेड लागलं. सोनं धुण्यासाठी दुसरी कायदेशीर जागा शोधत तो सेलू-वर्धा करू लागला. काकांना त्यानं आधी आपल्या शेतातला नाला देऊ केला. लक्ष्मणराव म्हणाले, शेत तुझं, पण जमिनीच्या पोटातलं सरकारचं. मग बोर धरणाच्या बाजूला जाऊ म्हटलं, तर तिकडं जंगल, आणि जंगलात थाळी नेली तरी विचारणा. मग केळझरच्या गणपतीला जाऊन येऊ, तिथून पुढं दोन दिवस गिरडला राहू, अशी लालूच दाखवली. काका म्हणाले, येऊ की, पण रविवार झाल्यावर.

शेवटी मुकेशनं रत्नदीपला गाठलं. रत्नदीप हा काकांच्या हाताखाली तयार झालेला कारकून, आता साहेब झाला होता. त्यानं पंखा लावला, पाणी दिलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. नदीतलं पाणी एका खात्याचं. वाळू दुसऱ्याची. काठावरचं झाड तिसऱ्याचं. आणि सोनं दिल्लीचं. सोनं शोधायचं तर रीतसर अर्ज करा, त्याला नकाशा जोडा. नकाशा निदान तालुक्याएवढा तरी पाहिजे, थाळीएवढ्या जागेसाठी अर्जच नाही. छंद म्हणून कोणी सोनं धुईल हे कायदा करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून त्याला मनाईही नाही आणि मुभाही नाही.

"तुमचा ठराव चांगला हाये," रत्नदीप म्हणाला. "ग्रामपंचायतीची जागा, वाळू जाग्यावरच परत. अडचण काय हाये?"

मुकेशनं लोकांच्या भावनांचा विषय काढला. रत्नदीप हसला. "आमच्यात मेलेल्या माणसाच्या तोंडात काईच ठेवत नाई, सरपंच. बुद्धवंदना घेतो अन् निरोप देतो. म्हणून भावनेची एवढी कटकट नाई."

भावनांचं मात्र खरंच होतं. मुकेश गावात परतला तेव्हा त्या जाग्या झाल्या होत्या. आधी विवेक गुरुजी आले. घाटाचं पावित्र्य या विषयावर बराच वेळ बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, की निदान दुसऱ्या ओट्याच्या खालची वाळू वगळता येईल का. गुरुजींच्या मातोश्रींचं दहन दुसऱ्या ओट्यावर झालं होतं. मग किराणावाला आला, मग दूध संघाचा माजी अध्यक्ष आला. प्रत्येकाच्या भावना वेगळ्या होत्या, पण त्या सगळ्या आपापल्या ओट्याखालीच दुखत होत्या. मुकेशला कळायचं ते कळलं. सगळ्यांनी अंत्यविधीचं सामान एकाच दुकानातून आणलं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथं तर गावभर पौर्णिमा पडली होती.

त्याला क्षणभर बरं वाटलं. ठराव रद्द करू, सगळेच खूश होतील. पण मागच्या निवडणुकीत पडलेला अंकुश पारावर उभा राहून सांगत सुटला होता, की सरपंचानं ठराव मागं घेतला तर समजायचं काय ते. त्याच संध्याकाळी तोच अंकुश मागच्या दारानं मुकेशकडं आला. गळ्याची आण घालून म्हणाला, ठराव तू रद्द कर, मी वरून विरोध करतो, पण रद्द कर. मुकेशनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. रद्द केला तर आपण सापडतो, नाही केला तर बाप सापडतो. जीव मेटाकुटीला आला होता बिचाऱ्याचा, आणि दया यावी असं त्यात काही नव्हतं, तरी थोडी येतेच.

मग त्याला सुचलं. काकांनीच सांगितलं होतं, एक कण भेटला की थाळी भिंतीला. तर मग भेटू द्यावा. पहिल्याच थाळीत सोनं निघालं की म्हातारा खूश, धुणं बंद, बाकीचं पितळ वाळूत सुखरूप. शनिवारी दिवस बुडायच्या आत मुकेशनं कपाटातला कापूस उलगडला. काकांनी जिथं जागा आखून झेंडी रोवली होती तिथं जाऊन, पाय धुतल्याचं निमित्त करून, आईचा मणी त्यानं वाळूत सोडला आणि अंगठ्यानं दाबला. बापाला त्याचं सोनं मिळालं, वर्षभर उशिरा का होईना. मुकेशला घरी जाताना अगदी पवित्र वाटलं.

रविवारी घाटावर माणूस मावेना. पोळ्याला जमत नाहीत एवढे लोक जमले. लक्ष्मणरावांनी पंच बसवले, सेलूला दुकान असलेल्या प्रफुल सोनाराला कसोटीचा दगड घेऊन बसवलं, शेजारी पितळी वाटी ठेवली आणि धोतर खोचून पाण्यात उतरले. बायका वरच्या पायरीवर होत्या. त्यांत अन्नपूर्णाबाईही होत्या.

नदीला मात्र सरपंचाचा बेत कोणी सांगितला नव्हता. वाळू रात्रभरात सरकली होती. पहिल्या थाळीत कोळसा, सेफ्टीपिन आणि बाटलीचं झाकण निघालं. दुसऱ्या थाळीत एक पिवळा मणी. लोक एक पायरी खाली सरकले. प्रफुलनं तो दगडावर घासला, वास घ्यावा तसा नाकाजवळ नेला आणि म्हणाला, पितळ. लक्ष्मणरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, हा कोणाचा? कोणाचाच नव्हता. विवेक गुरुजी पलीकडच्या काठावरचे बगळे पाहू लागले. पुढच्या थाळीत आणखी दोन निघाले, त्याच्या पुढच्या थाळीत आणखी. प्रत्येक वेळी पितळ, प्रत्येक वेळी तोच प्रश्न, प्रत्येक वेळी गाव बगळे पाहतंय. बगळे केव्हाच उडून गेले होते. अंकुश तर असा उभा होता, जणू त्याला आईबाप कधी नव्हतेच.

आणि मग तो निघाला. काकांनी थाळी तिरपी केली आणि ओल्या काळ्या रेतीत तो लख्ख चमकला. प्रफुलनं घासला, पुन्हा घासला आणि म्हणाला, "सोनं हाये. चोख."

एका क्षणात सगळ्यांना आपापले बाप आठवले. किराणावाला म्हणाला आमचा, माजी अध्यक्ष म्हणाले आमचाच, गुरुजींना मातोश्रींचा मणी अगदी असाच होता हे स्पष्ट आठवलं. आगीत गेलेल्या मण्यावर काळा डाग कसा नाही, असं कोणीतरी विचारलं, तर चार जणांनी एकदम सांगितलं की चोख सोन्याला आग काय करणार. लक्ष्मणराव शांतपणे म्हणाले की मणी कोणाचाही असो, सापडलेलं सोनं सरकारजमा होईल, फक्त पंचनाम्यात नाव लिहायचं आहे.

तेवढ्यात हरिदासनं तोंड घातलं. नानाजीच्या तोंडात भरीव मणी होता, सरपंचानं तेरवीलाच सांगितलं होतं, हा त्यांचाच. लोकांना ते पटलं. निदान शेजाऱ्याचा ठरण्यापेक्षा सरपंचाचा ठरलेला बरा. मुकेशनं हात जोडले, डोळे मिटले. त्याला वाटलं, सुटलो. लक्ष्मणराव मणी घेऊन पायऱ्या चढले आणि त्यांनी तो भावजयीपुढं धरला. "वहिनी, पाहा बरं. तुमचाच काय हा?"

अन्नपूर्णाबाईंनी मणी बोटांत धरून फिरवला. मग मुकेशकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मुकेशला सोसला असता.

"मणी माह्याच हाये भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण त्यायच्या तोंडात हा नोता."

अन्नपूर्णाबाईंनी सोन्याचा मणी दिराच्या हातावर परत ठेवला, पायऱ्या उतरल्या आणि वाटीतल्या पितळी मण्यांतला एक उचलला.

"हा आमचा. लिहा."

लक्ष्मणरावांनी नियमाप्रमाणे विचारलं, यातला नेमका हाच कशावरून?

"वळखाले काय लागते? सोन्याचा तं नोता ना आमचा." त्यांनी मणी पदराच्या टोकाला बांधला आणि त्या घराकडं चालू लागल्या. वाटीतले बाकीचे मणी तसेच राहिले. पंचनाम्यावर सह्या करायला मात्र सगळे फार घाईनं पुढं आले, आणि सरपंचाला कोणी एक शब्दही बोललं नाही. बोलायला तोंड मोकळं असावं लागतं.

मुकेश गावाला मोठा वळसा घालून घरी पोचला. आईनं नानाजींच्या फोटोपुढं दिवा लावला होता, आणि दिव्याशेजारी तो पितळेचा मणी ठेवला होता. ताट वाढलेलं होतं. मुकेश ताटावर बसला, पण घास हातातच राहिला. शेवटी त्यानं विचारलं, तिला कधी कळलं.

"त्याच दिवशी. त्यायचं तोंड मीच बंद केलं ना." अन्नपूर्णाबाईंनी त्याच्या ताटात वरण वाढलं. "मले वाटलं, पोराची काई अडचण असन, सांगन आज ना उद्या. वर्षभर वाट पाह्यली तुही."

मुकेशनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"तेरवीले लोकायले सांगत होता तू, मी बाजूलेच होती," त्या म्हणाल्या. "मागतला असता तं तुलेच देला असता ना रे तो मणी."