दाजींना वाकडी दिसलेली भिंत

दाजींनी मेव्हण्याला नवीकोरी भिंत दोनदा पाडायला लावली, कारण त्यांना ती ढळढळीत वाकडी दिसत होती. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, आपल्या नजरेचा त्यांना कोण अभिमान! तिसऱ्यांदा "पाड" म्हणताच मात्र मेव्हण्याने थापी खाली ठेवली आणि त्यांना थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

यंत्रावर हनुवटी टेकवून दाजींनी हिरव्या खुणेकडे टक लावली. क्षणात संगणकावर त्यांच्या दृष्टिपटलाचं चित्र उमटलं.

"ही मधली जागा गुळगुळीत हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्यावर बारीक पापुद्रा धरलाय. तो आकसला आणि खालचं पटल चुरगळलं, म्हणून सरळ रेघा वाकड्या दिसतात."

दाजी मेव्हण्याकडे वळले. "म्हणजे भिंत सरळ होती?"

"तिन्ही वेळा," मेव्हणा म्हणाला. पण टोमणा मारायचं सोडून त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऑपरेशन करून पापुद्रा सोलून काढता येतो," बाई म्हणाल्या.

"तोवर सरळ काय नि वाकडं काय, ते तूच ठरव," दाजी मेव्हण्याकडे बघत पुटपुटले. "आणि मी हुज्जत घातली तर?"

"तर ताईला सांगेन."

दाजींनी लगेच मान डोलावली.