भीमाकाठच्या चालींचा फळा

मी फळा बोलतोय. खडूनं लिहायचा शाळेतला काळा फळा नव्हे, फुटबॉलच्या टीमचा पत्र्याचा फळा. माझ्या अंगावर हिरवं मैदान रंगवलेलं आहे, दोन टोकांना दोन गोल आहेत आणि खेळाडूंच्या जागी लाल-निळी चुंबकं चिकटवलेली आहेत. माझ्यासमोर जेवढी भांडणं झाली, तेवढी तालुक्याच्या कोर्टातही झाली नसतील. आणि सगळी एकाच गोष्टीवरून, आपला गोल का होत नाही?

ऐकणार असाल तर सांगतो. पण मी वैतागलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म सणसवाडीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. पत्रा कापणारा बिहारचा, रंग मारून भट्टीत भाजणारा परभणीचा. दोघं दिवसभर एकमेकांवर "सीधा पकड, सीधा!" म्हणून ओरडायचे. तिथून मी कुरकुंभच्या एका कारखान्यात गेलो. शिफ्टच्या खोलीत मला टांगलं. कुठल्या टाकीत काय चाललंय, सेकंड शिफ्टला कोण आहे, हे माझ्यावर लिहिलेलं असायचं. लोक आत यायचे, वाचायचे आणि लिहिलंय तसंच करायचे. तेव्हा मला वाटलं, जग असंच चालतं. पुढे त्या खोलीत कॉम्प्युटरचा पडदा आला, त्यावर सगळं आपोआप दिसू लागलं आणि मी भंगारात गेलो.

भंगारवाल्याकडे मला याकोबसरांनी पाहिलं. सर शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये राहतात. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्तीनंतर दौंडच्या भीमाकाठ फुटबॉल क्लबचे कोच झाले. त्यांनी माझ्यावर टिचकी मारली, खिशातलं एक चुंबक लावून बघितलं. ते चिकटलं. सर खूश झाले आणि मला घरी घेऊन गेले.

मला रंगवलं त्यांच्या मुलीनं, लिडियानं. ती स्वतः विद्यापीठाच्या टीममधून खेळलेली. गुडघा गेला म्हणून खेळ सुटला, पण मैदान सुटेना. वडिलांची सहायक कोच झाली. तिनं पट्टी लावून माझ्यावर रेषा मारल्या आणि मधलं वर्तुळ पातेल्याच्या झाकणाभोवती ब्रश फिरवून काढलं. तिची आई रिबेकाबाई आतून म्हणाल्या, "झाकण धुऊन परत ठेव गं. मला भात टाकायचाय."

त्याच सुमाराला क्लब व्यावसायिक झाला. लीगमध्ये नाव लागलं, पोरांना पगार सुरू झाला, अंगावर एकसारख्या जर्सी आल्या. आणि माझ्यावर सरांनी ती चाल मांडली.

चाल अगदी सोपी. बॉल उजव्या बाजूच्या संपतकडे द्यायचा. संपतनं कडेकडेनं पळत जाऊन गोलासमोर उंच क्रॉस, म्हणजे हवेतून पास, टाकायचा. तिथं केल्विन उभा. केल्विन दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. त्यानं डोक्यानं बॉल आत घालायचा. पहिल्या वर्षी या चालीनं आम्ही सगळ्यांना रडवलं. प्रेक्षक आधीच उठून उभे राहायचे आणि ओरडायचे, "टाक संप्या, टाक!"

घोळ तिथंच झाला. जे प्रेक्षकांना पाठ झालं, ते समोरच्या टीमलाही पाठ झालं. दुसऱ्या वर्षी संपतकडे बॉल गेला की दोन-दोन गडी त्याच्या अंगावर यायचे आणि केल्विनला तर ऊन लागणार नाही असा घेराव पडायचा. तरी बॉल उजवीकडेच. मॅचमागून मॅच गेली. कधी बरोबरी, कधी हार. डाव्या बाजूला राहू गावचा मल्हारी मोकळा उभा राहून हात वर करायचा. टीममध्ये सगळ्यांत वेगवान तोच. घरच्यांनी पूर्वी मेंढरं राखली, आता शेती. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा, पण बॉल त्याच्याकडे यायचाच नाही.

मॅच संपली की मला दौंड स्टेशनजवळच्या हरिबाच्या हॉटेलात नेलं जायचं, कारण क्लबची मीटिंग तिथंच व्हायची. क्लबचे अध्यक्ष बापूसाहेब मधल्या टेबलाला बसत आणि अख्खं हॉटेल मीटिंगमध्ये सामील होत असे.

"अवो सर," बापूसाहेब म्हणायचे, "आंधळ्यालाबी कळतंय बॉल कुठं जानार हाय. जरा येगळं काय तरी करा की."

"चालीत चूक नाही, बापूसाहेब," सर शांतपणे म्हणायचे. "क्रॉस वेळेवर पडत नाही. केल्विन एक पाऊल उशिरा उडी मारतो. पोरं नीट करत नाहीत, त्याला चाल काय करणार?"

मग भजी तळता तळता हरिबा बाहेर यायचा. तेलकट हातानं माझ्यावरचं एक चुंबक उचलून भलतीकडे लावायचा. "मी काय म्हन्तो, ह्यो हितं पायजे. आन् ह्याला काडूनच टाका."

"अरे, तो गोलकीपर आहे!" लिडिया ओरडायची.

हसायचे सगळे. मला मात्र हसू येत नसे. कुरकुंभला माझ्यावर लिहिलेलं लोक करत होते. इथं प्रत्येकजण येऊन माझ्यावर जग जिंकून जायचा. माझ्यावर खड्डा नाही, चिखल नाही, आडवा पाय घालणारं कुणी नाही. माझ्यावर मांडलेली प्रत्येक चाल यशस्वी होते. मैदानात गेलं की त्यातलं निम्मंही उतरत नाही. मग परत माझ्यासमोर येऊन भांडण, चाल चुकली की पाय चुकला?

लिडियानं बरेच दिवस कळ काढली. शेवटी एकदा घरी, जेवणाआधी, तिनं मला भिंतीला टेकवलं.

"पप्पा, फक्त एकदा बघा. केल्विनला उजवीकडेच पाठवायचं. सगळे त्याच्यामागे जातील. पण संपतनं क्रॉस वर टाकायचाच नाही. जमिनीलगत, सरळ डावीकडे. तिथं मल्हारी एकटा."

सर बघत राहिले. "आणि बॉल नाही पोचला तर?"

"मग तुमच्या चालीत तरी कुठं पोचतोय?"

सरांचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांनी तीच चाल घोकून घेतली. लीगमधली शेवटची मॅच तोंडावर होती. जिंकलं तर लीगमध्ये टिकणार, नाही तर खालच्या गटात.

त्या मॅचला मी बाकामागच्या जाळीला टेकलेला होतो. पूर्वार्धात संपतनं बॉल घेतला. सवयीप्रमाणे सगळं मैदान उजवीकडे झुकलं. केल्विनच्या भोवती तिघं गोळा झाले, गोलकीपरही त्याच बाजूला सरकला. आणि संपतनं बॉल खालून सरळ डावीकडे घातला. मल्हारी तिथं पोचलेला होता. समोर कुणी नाही. अख्खा गोल मोकळा.

मल्हारीनं मारला. बॉल दांडीच्या हातभर वरून गेला, भिंत ओलांडून रेल्वेच्या क्वार्टरात पडला.

लिडियानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सरांनी मान हलवली आणि ते तिनं पाहिलं.

अगदी शेवटी आम्हाला फ्री किक मिळाली. सरांनी हात वर करून खूण केली. जुनी चाल, उंच, केल्विनला. त्याच क्षणी पलीकडून लिडिया ओरडली, "संपत, खालून! मल्हारी!" संपतनं एकदा सरांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. केल्विन उडी मारायला गेला, मल्हारी पळत सुटला, आणि बॉल दोघांच्या मधून कुणालाच न शिवता बाहेर गेला. शिट्टी झाली. मॅच बरोबरीत सुटली. आम्ही खाली गेलो.

त्या वेळी मला बोलता आलं असतं तर मी दोघांनाही शिव्या घातल्या असत्या.

खेळाडूंच्या खोलीत बापूसाहेब आले. "त्या राहूच्या पोराला आधी काडा. मोकळा गोल मारता येईना!"

सर बुटाची नाडी सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा."

बापूसाहेबांना एवढं निमित्त पुरलं. "मग सर, तुमीच सोडा आता."

मल्हारी राहिला, सर गेले. काही आठवड्यांनी बापूसाहेबांनी कोच म्हणून लिडियाला बोलावलं. तिनं घरी येऊन सांगितलं. सर "घे" एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन पेरूच्या झाडाला पाणी घालू लागले. त्यानंतर त्या घरात फुटबॉलचा शब्द निघाला नाही. रविवारी चर्चमध्ये बापलेक एकाच बाकावर बसत, एकाच पुस्तकातून गात आणि घरी येऊन भाजीबद्दल बोलत. लिडियानं दौंडला चाली मांडायला टॅब्लेट घेतला. मी शिरूरला व्हरांड्यात, तोंड भिंतीकडे. ऊन असलं की रिबेकाबाई मला पालथं टाकून पाठीवर पापड वाळत घालायच्या.

काल रविवारी दुपारी लिडिया घरी आली, तिच्यासोबत मल्हारी होता. तो पार वाळला होता. दारातच उभा राहिला.

"पप्पा, हा टीम सोडतोय," लिडिया म्हणाली. "कुरकुंभला कामाला लागतोय. गावात पोरं त्याला बघून आभाळाकडे बोट दाखवतात. तुम्ही सांगा याला काहीतरी. माझं ऐकत नाही."

सर खुर्चीतून उठले. "आत ये रे. बस."

मल्हारी बसला. पण त्याला काही विचारायच्या आधीच लिडिया म्हणाली की या वर्षीही गोल होत नाहीयेत. सरांनी विचारलं, "अजून खालूनच पास देतेस?" ती म्हणाली, "मग काय करू?" सर म्हणाले, "आण तो फळा." आणि मला सरळ केलं गेलं. पापडाचे तुकडे झटकले. चुंबकं लागली. अनेक महिन्यांनी बापलेक तावातावानं भांडू लागले.

"तू केल्विनला फार लवकर हलवतेस!"

"आणि तुम्ही त्याला खांबासारखा उभा करत होता!"

"त्या दिवशी फ्री किकला तू ओरडली नसतीस तर..."

"तुम्ही हात वर केला नसता तर!"

रिबेकाबाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझा जीव नुसता जळत होता. ज्याच्यासाठी फळा मांडला, तो पोरगा कोपऱ्यात बशी धरून बसला होता आणि कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.

शेवटी तोच बोलला. "सर, चाल चांगलीच व्हती."

दोघांनी वळून बघितलं.

"मॅडमची चाल चांगली व्हती आन् पासबी ब्येस आला. पायबी चुकला न्हाई सर. मी भ्यालो. गर्दीत मला भ्या वाटत न्हाई, तितं ढकलाढकलीत इचार कराया टाइमच नसतो. पर त्या दिवशी सगळं मोकळं दिसलं. वाटलं, आता ह्ये चुकलं तर काय? तेवढं वाटलं आन् बॉल वर गेला." त्यानं बशी खाली ठेवली. "अजून सपनात मोकळाच गोल येतो. म्हनून म्हन्लं, नको आता खेळ."

लिडिया काही तरी म्हणायला गेली. सरांनी हातानं थांबवलं. ते माझ्याकडे बघत होते. नेमकं कुठं, ते मला कळलं. बॉल म्हणून लावलेलं पांढरं बटणाएवढं चुंबक मल्हारीच्या चुंबकाजवळ होतं, गोलापासून वीतभर अलीकडे. लिडियाचा हात तिथंच थांबला होता. इतक्या वर्षांत सगळ्यांचा हात तिथंच थांबत आला होता. माझ्यावर इतक्या चाली मांडल्या गेल्या, पण ते बटण गोलाच्या आत कुणी म्हणजे कुणी नेलं नव्हतं. तिथपर्यंत पोचलं की सगळे म्हणायचे, "झालं!" आणि हात झटकायचे.

"एवढं आम्ही तुला कधी शिकवलंच नाही," सर हळूच म्हणाले. "आम्हाला वाटायचं, तिथून पुढं आपोआप होतं."

मल्हारी खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

निघताना लिडियानं दारात विचारलं, "पप्पा, उद्या सरावाला याल?"

"तू कोच आहेस. मी येऊन काय करू?"

"गोलामागं उभे राहा. तो मोकळ्या गोलात मारेल, तुम्ही बॉल परत टाका. दिवसभर."

"मल्हारी, येशील का रे?" सरांनी विचारलं.

मल्हारीनं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "उद्याच्या दिवस येतो, सर."

आज सोमवार. सर सकाळीच एसटीनं दौंडला गेले. जुनी शिट्टी गळ्यात, डोक्याला टोपी. मला वाटलं, नेतील बरोबर. नाही नेलं. मोकळ्या गोलात बॉल मारायला फळा कशाला लागतो? मल्हारी आला की नाही, तो पुन्हा घाबरला की नाही, पुढच्या मॅचला काय होणार, मला काही माहीत नाही. आणि ते दोघं पुन्हा भांडणार नाहीत याची मी मुळीच खात्री देत नाही.

मी व्हरांड्यात उभा आहे. या वेळी तोंड बाहेरच्या बाजूला आहे, एवढीच सुधारणा. चुंबकं कालच्यासारखीच आहेत. केल्विन उजवीकडे, संपत कडेला, मल्हारी डावीकडे एकटा. काल सगळे उठून गेले आणि ते पांढरं बटण आहे तिथंच राहिलं.

तुम्ही कधी शिरूरला आलात तर मिशन कंपाउंडमध्ये डोकावा. माझ्यासमोर उभं राहून तुमची चाल मला समजावून सांगू नका, हात जोडतो. खूप ऐकल्या. फक्त एक बोट लावा आणि ते बटण तेवढं आत ढकला.