चौथा तुकडा

“तीनच होते,” मी म्हणालो.

मॅडम दुसऱ्याच कुणाची तरी काच बघत होत्या. सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलताच त्यांनी विचारलं, “काय तीन?”

“तुकडे. त्या कालच्या शिवणवाल्या बाईंच्या आतड्याचे. मेणात बसवताना मीच मोजून वहीत लिहिलेत. आणि काचेवर चार आहेत.”

आता मात्र त्यांनी मान वर केली.

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत गेली तेहतीस वर्षं मी माणसांची आतडी, जठरं आणि स्वादुपिंडं मेणात बसवून कापत होतो. सगळे मला मेणकाका म्हणायचे. डॉक्टर पोटात दुर्बीण घालून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, तो माझ्याकडे येतो. मेणाच्या वडीत तो उभाच बसवायचा. आडवा बसवला तर आतड्याचे थर ओळीने दिसत नाहीत, नुसता वरचा पापुद्रा दिसतो. मग यंत्रावर केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर अलगद झेलायचे आणि निळागुलाबी रंग द्यायचा. पुढचं निदान मॅडमसारख्या तपासणाऱ्या डॉक्टरांचं. मी डॉक्टर नाही, पण आतडं कुठलं आणि स्वादुपिंड कुठलं हे न कळण्याइतका अडाणीही राहिलेलो नाही.

एका वडीचं काम संपलं की पाण्यावरून टिपकागद फिरवायचा, हा नियम. आधीच्या माणसाचा कण तरंगत राहिला तर तो पुढच्याच्या काचेवर चढून बसतो. शिकायला आलेल्या प्रत्येकाला हे मी इतक्यांदा ऐकवलंय की पोरं माझी नक्कल करायची. आणि नेमका मीच विसरलो. एका गृहस्थांच्या स्वादुपिंडातल्या गाठीचे काप काढून झाले, तेवढ्यात मुलीचा फोन आला. नातीला पहिला दात आला होता. मी हसत हसत परत आलो आणि थेट पुढची वडी यंत्राला लावली.

ती वडी त्या शिवणवाल्या बाईंची. तीन महिने पोट दुखतंय म्हणून आल्या होत्या. मॅडमना त्यांच्या काचेवर कर्करोग दिसला. तुकडा आतड्याच्या सुरुवातीचा, स्वादुपिंड अगदी शेजारी. रोग तिकडून आत शिरला असेल असं कुणालाही वाटलं असतं. सर्जनना फोन गेला, त्यांनी त्याच संध्याकाळी घरच्यांना बोलावून सांगितलं आणि ऑपरेशनचा दिवसही ठरला. जठराचा काही भाग, आतड्याची सुरुवात, स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग, एवढं सगळं काढायचं होतं.

काचा कपाटात लावण्याआधी प्रत्येक काच खिडकीच्या उजेडात धरून तुकडे मोजायचे आणि वहीशी ताडून बघायचे, ही माझी जुनी सवय. बाकीचे तिला म्हातारचळ म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काच उजेडात धरली आणि वहीतल्या तीनऐवजी चार तुकडे मोजले.

खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मी ती काच हातात धरून नुसता उभा होतो. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. तेहतीस वर्षांत नावावर एक डाग नव्हता. गप्प बसलो असतो तर त्या बाईंचं सगळं काढून झालं असतं, आत काहीच सापडलं नसतं, आणि तरीही माझ्यापर्यंत कुणी आलं नसतं. पण काल संध्याकाळपासून त्या घरात काय चाललं असेल, ते काही डोक्यातून जाईना. म्हणून मॅडमच्या खोलीत गेलो होतो.

“टिपकागद?” मॅडमनी विचारलं.

“राहिला. आधीची वडी त्या गाठीची होती.”

त्यांनी ती काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. मग म्हणाल्या, “त्या तुकड्याच्या कडेला मला स्वादुपिंडाच्या पेशी दिसल्या होत्या, काका. चिमट्याने वरवर घेतलेल्या तुकड्यात त्या येतील कुठून? माझ्या लक्षात यायला हवं होतं. चला, वडी काढा. पुन्हा कापू.”

पाणी बदललं, भांडं घासून घेतलं. घाईत पहिला काप फाटला. मॅडम शेजारी उभ्या होत्या. “सावकाश,” त्या म्हणाल्या, “मी आहे इथेच.” त्या शिकत होत्या तेव्हा याच टेबलापाशी मी त्यांना हे शब्द ऐकवायचो.

नव्या काचेवर तीन तुकडे होते. मॅडमनी प्रत्येक तुकडा दोनदा तपासला. “नुसती सूज आहे. गोळ्यांनी जाईल,” त्या म्हणाल्या आणि सर्जनना फोन लावला. मी न विचारताच समोरच्या खुर्चीत बसलो.

आमच्याकडे चुकांची वही असते. तिच्यात मी झाला प्रकार लिहिला आणि खाली माझं नाव घातलं. मॅडमनी पेन घेतलं, माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

“तुमचं कशाला?” मी म्हटलं.

“तीन आणि चार मलाही मोजता येतात ना?”

आजही त्या वहीची आठवण झाली की मनातल्या मनात मी त्यांना हात जोडतो.

खात्रीसाठी डॉक्टरांनी बाईंच्या पोटात पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हाही काही वाईट निघालं नाही. माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात त्या भेटायला आल्या. मॅडमनी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांना माझ्या खोलीत आणून मॅडम म्हणाल्या, “हेच ते.”

बाई आभार मानायला लागल्या. मी मधेच थांबवलं. “आभार कसले? चूकही माझीच. तुमची एक रात्र माझ्यामुळे वाया गेली.”

“दोन,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांची पण धरा. ते तर माझ्याहून जास्त रडले.” मग हसल्या. “पण तुम्ही जाऊन बोललात हो. तेवढं पुरे आहे मला. माझं ते मला बघता येईल का?”

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचीच काच लावून दिली. आतड्याचे अंकुर ओळीने उभे होते.

“अगं बाई, ही तर झालर,” त्या म्हणाल्या. “काय बारीक काम आहे! आणि मी बापडीने याच्यात जन्मभर वाट्टेल ते कोंबलं.” मॅडम मोठ्याने हसल्या. मलाही कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

बाईंनी भिंगावरचा डोळा हलवला नाही. बघता बघताच विचारलं, “मग तो चौथा तुकडा कुणाचा होता?”

“नाव सांगता येत नाही.”

“बरे आहेत ना ते?”

मी मॅडमकडे बघितलं. “नाही,” मी म्हणालो. “मागच्या आठवड्यात गेले.”

बाईंनी आता मान वर केली. बाहेरून औषधांची गाडी खडखडत गेली. मग त्यांनी विचारलं, “त्यांचं पण आतून असंच सुंदर असेल?”

“गाठ सोडली तर हो.”

“दाखवता?”

मॅडमनी होकाराची मान हलवली. मी कपाटातून त्या गृहस्थांची काच काढली आणि गाठीपासून लांबचा, चांगला राहिलेला भाग समोर आणला. स्वादुपिंडाच्या पेशींचे गच्च घड होते, आणि त्यांच्यामधे साखर सांभाळणारी फिकट बेटं.

“बघा,” मी म्हणालो.

बाई स्टुलावरून उठल्या, स्टूल हलकेच मागे सारलं आणि उभ्यानेच, वाकून, बराच वेळ बघत राहिल्या.