लाजेचं दुखणं

लेथवरच्या त्या टर्नरला कारखान्यात सगळे 'रेडिओ' म्हणत. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर त्याच्या गप्पा चालायच्या. घरीही तसाच. पंचेचाळिशीनंतर मात्र तो मिटत गेला. बायकोजवळ जायचा, काही जमायचं नाही, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पुढे पुढे जवळ जाणंच त्याने सोडलं.

"झालंय काय?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही. थकलोय."

वर्षभर ती तेच ऐकत राहिली. मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुसरीकडे कुठे मन गुंतलं असेल तर सांगून टाका. मी आड येणार नाही."

त्याने चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. तेव्हापासून ती मुलीच्या खोलीत झोपू लागली.

त्याने कुणाकडून तरी ताकदीच्या गोळ्या आणल्या, त्याही गुपचूप. डॉक्टरला असलं काही सांगायचं या विचारानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जिना चढताना दम लागायचा, तो त्याने वयाच्या माथी मारला.

एका दुपारी तो लेथसमोरच कोसळला.

हॉस्पिटलातली हृदयाची डॉक्टर तरुण होती. छातीचं, श्वासाचं विचारून झाल्यावर तिने त्याच सुरात विचारलं, "आणि बायकोजवळ जाताना काही अडचण?"

तो छताकडे बघत राहिला. शेवटी बायकोच म्हणाली, "तीन वर्षं झाली."

"तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात," डॉक्टर म्हणाली. "रक्त अडायला लागलं की बऱ्याचदा आधी तिथे कळतं. दरवेळी कारण हेच असतं असं नाही. पण तेव्हा आला असतात तर हृदय तपासलं असतं. आता त्याचा बराच भाग निकामी झालाय."

डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, मीच संपलो. आजार असेल हे डोक्यातच आलं नाही."

बायकोने त्याचा हात धरला. महिन्याभरात तो गेला.

धाकटे दीर-जाऊ भेटायला आले, तेव्हा तिने स्वयंपाकघरात जावेला हे सगळं सांगितलं. जाऊ खाली बघत पुटपुटली, "हेसुद्धा हल्ली पाठ करून झोपतात."

ती तशीच बाहेर आली. "भाऊजी, उद्याच्या उद्या हृदय तपासून घ्या. तुमच्या दादांचंही असंच सुरू झालं होतं."

बायकोने आत काय सांगितलं असणार, ते दिराला कळलं. त्याने तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. "वहिनी, दादाला जाऊन चार दिवस नाही झाले, आणि तुम्ही हे असलं बोलताय?"

"तेव्हा बोलले नाही, म्हणून आता बोलतेय."

"चल," तो बायकोला म्हणाला. जावेने पिशवी उचलली, पण मान वर केली नाही.

नंतर तिने कितीदा तरी फोन लावला. भाऊजींनी घेतला नाही. एकदा जावेने घेतला, "बरे आहेत ते," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.