बादलीतला सेन्सर

शेलूच्या एका सोसायटीतला सांडपाण्याचा प्लांट विठूनं अकरा वर्षं नाकावर चालवला होता. वास बदलला की हवेचा पंप वाढवायचा, बस. मग कमिटीनं शेवटच्या टाकीत सेन्सर सोडला आणि विठूच्या नाकाची किंमत संपली. शुद्ध झालेलं पाणी जरा गढूळ दिसलं की मोबाइल बोंबलायचा, आणि मागोमाग सेन्सरच्या कंपनीतल्या नाजनीनचा फोन यायचा.

"मामा, गढूळपणा बारावर गेलाय. दहाच्या खाली हवा."

"संडासाचं पानी हाय गं ते, गुलाबपानी नाय."

रविवारी जेवताना तिसऱ्यांदा फोन वाजला, तेव्हा विठूचं डोकं फिरलं. सुकटीचं ताट बाजूला सारून तो उठला, टाकीतला सेन्सर उपटला, दाराजवळच्या पिण्याच्या नळाखाली बादली भरली आणि सेन्सर तिच्यात बुडवला. आता बोंबल म्हणावं.

मोबाइल दुप्पट बोंबलला.

"मामा, चाळीस? काय सोडलंत टाकीत? हे पाणी झाडांनापण घालू नका."

विठूनं वाकून बादलीचा वास घेतला. अकरा वर्षं नाक भलतीकडेच खुपसलं होतं.

एवढ्यात चेअरमन फेरी मारत आले. सेन्सरची हौस त्यांचीच. त्याच नळावर त्यांनी बाटली भरली आणि घोट घेत विचारलं, "काय म्हणतंय आपलं मशीन?"

"तुमच्या हातातल्यापेक्षा संडासाचं बरं, म्हनतंय," विठू म्हणाला. "देऊ का बाटली बदलून?"